माघातला कस्तुर

"मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर माझी सांगायची पद्धत चुकली असं समजेन आणि नाचणकर सरांनी आत्ता दिलेली शाल घडी न मोडता परत करीन."

एवढं बोलून मी वर्गावर नजर फिरवली. राजापुरातलं एक मंगल कार्यालय. वरती पंखे, खाली चाळीसेक माणसं, सगळी नुकतीच जेवलेली. नाचणकर सर जमीन-एजंटच्या परवान्याच्या परीक्षेचा वर्ग चालवतात आणि शेवटच्या दिवशी दुपारी मला बोलावतात. पंचेचाळीस वर्षं मी जमिनी घेतल्या आणि विकल्या, हे एक कारण. दुसरं कारण असं की जेवणानंतर माणसं जागी ठेवणं सरांच्या पुस्तकाला जमत नाही.

फळ्यावर सरांनी त्यांच्या वळणदार अक्षरात प्रश्न लिहून ठेवला होता : 'जो फक्त स्वतःसाठी जमिनी घेतो, त्याने परवाना काढावा का?'

"वामनशेठ, काढावा की नको तेवढं सांगा," पहिल्या रांगेतून शिरधनकर म्हणाले. हे एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. निवृत्तीच्या पैशातून दोन प्लॉट घेऊन बसलेले. "मला चारची गाडी आहे."

"जन्मभर लोकांना गाडीत कोंबलंत, आता एक सुटली तर काय होतंय?" मी म्हणालो. वर्ग हसला. झोप उडाली. मग मी सुरुवात केली.

आधी काठीचं सांगतो. तुमच्या पुस्तकात तिच्यावर तीस पानं आहेत, मला पाच मिनिटं पुरतील. रुबिडियम नावाचा एक धातू असतो. त्याचे काही लाख अणू काठीतल्या अंगठ्याएवढ्या नळीत धरायचे आणि लेसरच्या उजेडाने गार करायचे. उजेडाने गार, हो! चारी बाजूंनी उजेड मारला की अणू गर्दीत अडकल्यासारखा जागच्या जागी थांबतो, आणि अणू थांबणं म्हणजेच गार होणं. मग त्यांना सोडून द्यायचं. ते पडतात. आंबा पडतो तसेच. किती वेगाने पडले ते दुसऱ्या लेसरने मोजायचं. पायाखाली सलग कातळ असेल तर पृथ्वी अंमळ जास्त ओढते. पोकळी असेल तर अंमळ कमी. पोकळीत पाणी असेल तर दोन्हीच्या मधे. फरक किती? तर दशांश चिन्हानंतर नवव्या घरात. पण काठी तो पकडते. तुम्ही जमिनीवर पावला-पावलाने फिरायचं, काठी टेकवायची, आणि संध्याकाळपर्यंत दोनशे फुटांपर्यंतच्या पोटाचं चित्र तुमच्या हातात.

इतकी नाजूक, की लांज्याला एका एजंटने जेवणानंतर काठी टेकवली आणि काठीने माझ्या पोटातले दोन उकडीचे मोदक दाखवले.

"दोनच?" शिरधनकर म्हणाले.

"चार होते. काठीने भीड राखली."

मागच्या बाकावर एक बाई बसली होती. केस कापलेले, वही उघडी. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, आणि ती नेमकी खिडकीच्या उजेडात बसलेली, त्यामुळे चेहरा काही नीट दिसला नाही. तिने हात वर केला.

"सर, तुम्ही वापरली आहे काठी?"

"लांबून पाहिली. मूठ गार असते तिची, सकाळच्या कळशीसारखी."

"लांबून पाहणाऱ्याला मूठ गार लागली?"

वर्ग पुन्हा हसला. मीही हसलो. "बाई, नाव काय तुमचं? अशा विद्यार्थ्याला पुढच्या बाकावर बसवायला हवं."

"नाव शेवटी सांगते," ती म्हणाली. "शिट्टीचं राहिलं, सर. पान एकवीस."

राहिलं होतं खरं. काठी बाजारात मिळत नाही. परवाना असेल त्यालाच मिळते, आणि तिच्याबरोबर एक नियम येतो. तुम्ही कोणाच्या जमिनीचं वाचन घेतलंत, की जमीनमालकाला ते मोठ्याने वाचून दाखवायचं, त्याचा अंगठा काठीवर घ्यायचा. मग भाव बोलायचा. वाचून दाखवलं नाहीत आणि तीच काठी घेऊन पुन्हा त्या जमिनीवर पाय ठेवलात, तर थोड्या वेळात काठी शिट्टी मारते. बंद असली तरी. तीन सूर, चढत्या क्रमाने. शिट्टी थांबवायची सोय नाही, मुद्दाम ठेवलेली नाही.

आता बघा, फळ्यावरच्या प्रश्नाची गोम कुठे आहे. परवाना काढलात तर तुम्हाला जमिनीचं पोट दिसतं. एजंटचे दोन टक्के वाचतात. विकायला निघालेल्या जमिनींची यादी इतरांच्या आधी तुमच्या हातात. पण जे दिसलं ते समोरच्याला सांगावं लागतं. आणि खाली पाणी आहे हे कळल्यावर कोरड्या जमिनीच्या भावात कोण विकेल? उलट परवाना नसला, तर तुम्ही आंधळे, पण मोकळे. तुम्हाला काही माहीत नाही, म्हणून काही सांगायचंही नाही. माझ्यासारखे व्यापारी म्हणायचे, आंधळंच बरं. भाव पाडता येतो आणि झोपही लागते.

मीही परवाना काढला नाही. अर्ज आणला होता, भरलाही होता, पण टेबलाच्या खणात पडून राहिला. त्या न काढलेल्या परवान्याची ही गोष्ट आहे.

आठ वर्षं झाली. काठ्या नुकत्या आल्या होत्या. रत्नागिरीत परवानेवाले सातआठ जण, आणि एकेकाकडे चार महिन्यांची रांग.

येसू धामणस्कर माझा शाळेपासूनचा दोस्त. तो माझी गणितं सोडवायचा आणि मास्तर आले की दोघांच्या वतीने खोटं मी बोलायचो. अशी वाटणी होती. पुढे मी राजापुरात दुकान टाकलं, जमिनींत पडलो. तो वेरवंडच्या सड्यावर राहिला. सडा म्हणजे नुसता जांभा कातळ, डोंगराच्या माथ्यावरचं पठार. पावसाळ्यात चार महिने हिरवं, मग आठ महिने तापलेला तवा. तिथे ह्या माणसाने आंब्याच्या कलमांची रोपवाटिका केली! सहा एकरांत नऊ हजार रोपं. कोयीला फांदी जोडून कलम बांधण्यात त्याचा हात असा, की लोक म्हणायचे, येसूने छत्रीच्या दांडीला फांदी बांधली तरी दोन वर्षांनी हापूस लागेल.

"लागले होते का?" शिरधनकर.

"तीन लागले. एक किडका निघाला."

पण पाणी नव्हतं. खालच्या गावातून टँकर यायचा. दोन बोअर मारून झाल्या होत्या, दोन्ही कोरड्या, नुसती लाल धूळ. एप्रिलात मी जायचो तेव्हा येसू पत्र्याचा मग घेऊन रोपांपुढे उभा असायचा. सगळ्यांना पुरेल इतकं पाणी नसायचं. मग आज कोणाला द्यायचं ते तो ठरवायचा, आणि ज्यांना द्यायचं नाही त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा. त्यांच्या तोंडाकडे बघून ते जमत नाही, म्हणायचा.

त्या वर्षी पौषात मला म्हणाला, "वामन्या, दमलो रे. अर्धी पिशवीतच वाळतात. पोर म्हणते, कल्याणला या, माझ्याकडे राहा. तुला बंगल्यांसाठी जागा हवीय ना? घे ही."

मी म्हटलं, "कोरडी जागा आहे, येसू. भाव कोरडाच मिळेल."

"भावाचं मरू दे. एक सांग. तू सतरा जमिनी बघतोस, त्या काठीवाल्यांच्यात उठतोस बसतोस. खाली पाणी असेल काय? असेल तर मी तिसरी बोअर मारतो आणि इथून हलत नाय. नसेल तर तू घे. तू सांगशील ते."

हे लक्षात ठेवा. त्याने मला सरळ विचारलं होतं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?" मागच्या बाकावरून ती म्हणाली.

मी पाण्याचा घोट घेतला. मी म्हटलं, येसू, माझ्याकडे ना परवाना, ना काठी. मला काय कळणार? पण दोन बोअर कोरड्या गेल्या, तिसरीला कुठली येणार?

"असं म्हणालात?"

"असंच."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मी पुढे गेलो.

माघ उजाडला. आमच्याकडे जमिनीचा व्यवहार बोलून ठरला, की कागदाच्या आधी गाऱ्हाणं घालतात. शहरातल्या लोकांसाठी सांगतो : प्रत्येक जमिनीला राखणदार असतो, तिथला देव. आमचा माणूस कलेक्टरला फसवील, बायकोला फसवील, राखणदाराला नाही. म्हणून त्याच्यापुढे, त्याच जमिनीवर उभं राहून गुरव दोघांच्या वतीने बोलतो आणि जमलेली माणसं दर वाक्याला हुंकार भरतात. एकदा गाऱ्हाणं झालं, की व्यवहार मोडत नाही. वकील मोडू शकेल, आमचा माणूस मोडत नाही. येसू तर मुळीच नाही.

सकाळी मी पाचलला दुसरी एक जागा बघायला गेलो होतो, तिथून परस्पर सड्यावर पोचलो. काजूच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. वीसेक माणसं. येसूची मुलगी कल्याणहून आलेली, सगळ्यांना गूळपाणी देत होती. मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, तिच्यातून नारळ काढला, विड्याची पानं काढली. पंचा आणि घडीची छत्री तशीच आत राहू दिली.

गुरवाने नारळ दगडापुढे ठेवला, हात जोडले आणि आवाज चढवला.

"बा राखणदारा म्हाराजा! आज ह्या दोन लेकरांनी तुझ्यापुढं नारळ ठेवलाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"येसूनं जागा दिलीय, वामनानं घेतलीय. खुशीनं दिलीय, खुशीनं घेतलीय..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्यात जे काय ज्याला ठावं हाय, ते त्यानं दुसऱ्याला सांगितलंय. पोटात काय ठेवलं नाय..."

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता, तो मला अजून आठवतो.

आणि तेवढ्यात शीळ आली.

इथे वर्गात मी थांबलो. ही जागा मी आजवर पन्नास वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी इथे थांबतो. लोक पुढे झुकतात.

तीन सूर. चढत्या क्रमाने. गुरव बोलायचा थांबला. वीस माना वळल्या. आणि मी काजूकडे बोट दाखवून ओरडलो, "कस्तुर! अरे, कस्तुर बघा!"

शीळकरी कस्तुर. निळा-काळा पक्षी, शीळ घालतो ती थेट माणसासारखी. एखादा उनाड पोरगा शिट्टी वाजवत चाललाय असं वाटावं. तो त्या काजूवर बसला होता. साधासुधा नाही, कोंबड्याएवढा! उडून आला तो गुरवाच्या खांद्यावर बसला, पुढ्यातला एक तांदूळ उचलला, येसूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा तीन सूर काढले आणि गेला.

"गुरवाच्या खांद्यावर!" शिरधनकरांनी मांडीवर थाप मारली. "वामनशेठ, तुम्ही म्हणजे..."

"विश्वास बसणार नाही हे आधीच सांगितलं होतं."

"कोणी कोणी पाहिला पक्षी?" मागून तिने विचारलं.

"सगळ्यांनी."

"येसूंनीही?"

येसूने काजूकडे पाहिलं. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं. मग खाली, नारळाकडे. आणि म्हणाला, "कस्तुरच असेल." गुरवाने उरलेलं गाऱ्हाणं पुरं केलं. नारळ फुटला, खोबरं वाटलं. मला घाई होती, मी पिशवी उचलून निघालो. येसू बांधापर्यंत आला. "रजिस्ट्रीला तेरा दिवस आहेत," म्हणाला. "मधे येऊन जा एकदा. चहाला ये." मी म्हटलं, बघतो.

नाही जमलं. कामं होती.

तेराव्या दिवशी रजिस्ट्री झाली. येसूने जिथे सांगितलं तिथे सही केली, एक कागदसुद्धा वाचला नाही. रोपं त्याने गावात वाटून टाकली होती. एक कलम तेवढं मांडीवर घेऊन कल्याणच्या गाडीत बसला.

आता पाण्याचं ऐका. वैशाखात मी बंगल्यांचं काम काढलं. गवंड्यांना पाणी हवं, म्हणून भिवा पाणाड्याला बोलावलं. हा तळहातावर आडवा नारळ ठेवून चालतो. खाली पाणी असलं की नारळ उभा राहतो. माणूस इतका तयार, की एकदा देवळामागे नारळ उभा राहिला, लोक कुदळी घेऊन धावले, खणायला लागले, तेव्हा समजलं की भिंतीपलीकडे पाण्याचा टँकर उभा आहे! तर हा भिवा सड्यावर चालला. काजूच्या दक्षिणेला चाळीस पावलांवर नारळ उभा राहिला, राहिला तो गरागरा फिरला, आणि उडून माझ्या कपाळावर आपटला. ही बघा खूण.

"ती तर देवीची," पहिल्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"देवीचीच म्हणायची. दुसरं कोण मारतंय असं?"

बोअर मारली. अठ्ठावन्न फुटांवर पाणी. नुसती झिरप नव्हे. जांभ्याच्या पोटात, खालच्या चिकण मातीच्या थरावर, देवळाच्या सभामंडपाएवढी पोकळी, काठोकाठ भरलेली. जांभा असाच असतो, पावसाचं पाणी भोकाभोकांतून आत घेतो आणि कुठेतरी एका जागी साठवून बसतो. पाणी बारा फूट उंच उडालं. गवंडी नाचले. येसूच्या दुसऱ्या बोअरपासून ती जागा तीस फुटांवर होती. तीस फूट! त्या काठोकाठ भरलेल्या सभामंडपाच्या छपरावर उभं राहून तो माणूस बावीस वर्षं मगाने पाणी मोजत होता.

मी अठरा बंगले बांधले. मधे पोहण्याचा तलाव केला. मुंबईच्या लोकांना सड्यावर तलाव फार आवडतो.

दोन वर्षांनी मी कल्याणला गेलो, येसूला भेटायला. सातवा मजला. मुलगी कामावर गेली होती. त्याने दार उघडलं, "ये वामन्या," म्हणाला, जसा काल भेटलो होतो. गॅलरीत रंगाच्या रिकाम्या बादलीत ते कलम होतं, कमरेएवढं झालेलं. तो चहा करायला उठला. पातेलं नळाखाली धरलं, ते भरलं, तरी नळ बंद केला नाही. धार चालू ठेवून माझ्याशी बोलत राहिला. शेवटी मीच म्हटलं, "येसू, नळ."

"असू दे," तो म्हणाला. "इथं चोवीस तास असतं. द्यायला काय नाय, म्हणून सोडून बघत बसतो."

मग चहा पितानाच विचारलं, "तुझ्या तळ्याचं पाणी गोड आहे?"

"गोड आहे."

"मला वाटलंच होतं." एवढंच. पुढे आम्ही शाळेतल्या मास्तरांच्या गोष्टी काढल्या, मी दोन थापा मारल्या, तो हसला. निघताना जिन्यापर्यंत आला. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला, बराच वेळ. मग लिफ्ट आली.

गेल्या भाद्रपदात गेला. मला कळलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं.

मी वर्गाकडे वळलो. शिरधनकरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. नाचणकर सर डस्टर हातात धरून फळ्यापाशी उभे होते.

तर उत्तर, मी म्हणालो. परवाना काढा. तुम्ही एकच प्लॉट घेणार असाल, स्वतःच्या पोरांसाठी घेणार असाल, तरी काढा. माझ्याकडे तेव्हा परवाना असता, तर माझ्याकडे काठी असती. काठी असती तर मला दिसलं असतं. आणि दिसलं असतं तर मी त्याच दिवशी येसूला समोर बसवून वाचून दाखवलं असतं : काजूच्या दक्षिणेला चाळीस पावलं, अठ्ठावन्न फूट. तो हलला नसता तिथून. आज नऊ हजारांची नव्वद हजार रोपं असती. माझं पाप काय, तर मला माहीत नव्हतं. तुम्ही माहीत करून घ्या. माहीत असलेला माणूस असं करूच शकत नाही.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. शिरधनकर नाक पुसत म्हणाले, "वामनशेठ, पक्ष्याचं सोडा, बाकीचं सगळं पटलं."

टाळ्या थांबल्या तरी मागच्या बाकावरची बाई उभीच होती. वही मिटलेली. ती दोन बाकं पुढे आली, खिडकीच्या उजेडातून बाहेर, आणि तेव्हा मला तिची हनुवटी दिसली. येसूची हनुवटी.

"नाव शेवटी सांगते म्हणाले होते," ती म्हणाली. "रसिका. रसिका यशवंत धामणस्कर."

माझा हात शालीकडे गेला. का ते सांगता येणार नाही.

"वामनकाका, खोटं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला असेल. "कस्तुर पावसाळ्यात शीळ घालतो, ओढ्याकाठी. माघात नाही, आणि पाण्याचा थेंब नसलेल्या सड्यावर तर नाहीच. आणि माघात घडीची छत्री घेऊन कोण फिरतं? मी गूळपाणी घेऊन तुमच्या पिशवीपाशीच उभी होते. शिट्टी पिशवीतून आली, घडी घातलेल्या काठीतून. गाऱ्हाण्याच्या दोन दिवस आधी बाबा खाली टँकरवाल्याकडे गेले होते, तेव्हा तुम्ही काजूपाशी काठी टेकवत फिरत होता. मला वाटलं, काकांचे गुडघे दुखत असतील. तुमच्याकडे परवाना होता. पुढच्या वर्षी तुम्ही तो परत केलात आणि यादीतून नाव गेलं, एवढंच."

"रसिका..." मी म्हणालो.

"बाबांना तिथेच कळलं होतं. मी म्हटलं, विचारा त्यांना. म्हणाले, गाऱ्हाण्यात शब्द गेलाय, जमीन आता त्याची. पण वामन्या येईल. येईल आणि सांगेल. मी म्हटलं, आपणच जाऊन विचारू या ना. तर म्हणाले, विचारल्यावर सांगितलं तर त्याला सांगणं म्हणत नाहीत. एकदा विचारून झालंय माझं." तिने वही बाकावर ठेवली. "तेरा दिवस, काका. रोज संध्याकाळी मला दोन कप चहा टाकायला लावायचे. आणि रोज दुसरा कप थंड झाला की मोरीत न ओतता बाहेर नेऊन रोपांना घालायचे."